पोन्सोंच्या दारातली तार

मित्रांनो, जरा मान वर करा. खाली बघून माझी ओळख पटायची नाही. मी एक जुनी आकडी आहे. झाडावरचे पेरू काढायला असते ना, तसली. बारा हात लांब, शेंड्याला बेचकं, मधल्या दोन पेरांपाशी किंचित वाकलेली. आणि खरं सांगायचं तर महाचौकस! पण त्यात माझा काय दोष? जिचं डोकं आयुष्यभर लोकांच्या माडीच्या खिडकीपाशी, ती डोकावणार नाही तर काय करणार?

माझा जन्म अँतिपोलोच्या डोंगरातल्या बांबूच्या बेटात झाला. पोन्सोंनी मला निवडलं. ते मनीला शहरात वायरमन होते. खांबावर चढून विजेच्या तारा जोडायचं त्यांचं काम. त्यांनी मला अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलं, म्हणजे कीड लागत नाही. महिनाभर ओढ्यात बुडवून ठेवलं, मग चुलीवर टांगून धूर दिला. एवढं सगळं कशासाठी, तर त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला, वेन्सीला, परसातले पेरू हवे होते. आई नसलेलं पोर, हट्ट मोठा.

माझा शेंडा चिरून त्यांनी बेचकं केलं आणि चीर पुढे जाऊ नये म्हणून तांब्याची तार गुंडाळली. बरोबर सात वेढे. शेवटचं टोक पकडीने आत दाबून टाकलं.

“टोक आत का घातलं, तातय?” वेन्सीने विचारलं. बापाला तो तातय म्हणायचा.

“कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. आपण बांधलेली तार उद्या दुसराच कुणी हाताळतो. त्याचं बोट फाटलं तर शिव्या कुणाला?”

“तुम्हाला!” पोरगं खूश होऊन ओरडलं.

बापलेक संध्याकाळी दारात बसले की वरच्या तारांकडे बघत. आमच्या गल्लीवर तारांचं असं जाळं होतं की कावळ्यालाही वाट विचारावी लागे. पोन्सो शिकवायचे, “सगळ्यात वरची जाड, ती विजेची. तिला हात लावणं सोड, आकडीसुद्धा तिच्या वाऱ्याला न्यायची नाही. मधली टेलिफोनची. आणि ही खाली लोंबते ती मेलेली.”

“मेली म्हणजे?”

“तिच्यातून आता काही जात नाही.”

“मग काढत का नाहीत?”

“आपल्या लोकांना लावायची हौस, काढायचा कंटाळा. आणि एक ध्यानात ठेव. दुसऱ्याची तार कधी कापायची नाही, मेलेली असली तरी. उचलावी, खालून जावं, परत ठेवावी.”

मला तेव्हा वाटलं, हे पोर वायरमन होणार. पण वेन्सीचा हात निघाला केसांत. शेजारणींच्या वेण्या घालता घालता तो सोळाव्या वर्षी पिलांगताईच्या पार्लरमध्ये कामाला लागला. पिलांगताईचं बारशाचं नाव पोलिकार्पो. पण त्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघायची नाही. ती बाक्ला होती. आमच्याकडे पुरुषाच्या जन्माला येऊन बाईच्या चालीने चालणाऱ्याला, पुरुषावर जीव लावणाऱ्याला बाक्ला म्हणतात. काही जण शिवी म्हणून म्हणतात, काही लाडाने. वेन्सीही त्यांच्यातलाच. गल्लीला ठाऊक होतं. पोन्सोंनाही असणार, पण त्या घरात तो शब्द कधी उच्चारला गेला नव्हता.

आता त्या मिरवणुकीचं सांगते, जिच्यापायी हे सगळं झालं. मे महिन्यात चर्चची फुलांची मिरवणूक निघे. तिच्यात गल्लीतल्या मुली राण्या होऊन चालत. त्यांचे केस, त्यांचे झगे, त्यांचे मुकुट, सगळं पार्लरमधल्या बाक्लांच्या हातचं. एके वर्षी पिलांगताई हातातला कंगवा आपटून म्हणाली, “दर साली दुसऱ्यांच्या पोरी नटवायच्या आणि आपण दारात उभं राहून टाळ्या पिटायच्या? मला काय रूप नाही?” त्याच जूनच्या शेवटच्या शनिवारी भर दुपारी अकरा बाक्ला राण्या होऊन रस्त्यावर उतरल्या. ती आमची पहिली मिरवणूक. आज तिला शहरभरातून हजारो माणसं येतात, ढोल असतात, सजवलेल्या गाड्या असतात, बायकांच्या हातात हात घालून बायका चालतात, आयाबाप लेकरांच्या नावाचे फलक धरतात. पण सुरुवात अकरांची.

आणि पहिल्याच वर्षी घोटाळा! राण्यांनी मुकुट केले हौसेने, पाठीवर बांबूच्या कामट्यांचे पिसारे लावले, माणसापेक्षा दुप्पट उंच. तारांचा विचार कुणी केलाच नाही. पहिल्या वळणावर पिलांगताईचा पिसारा अडकला आणि ती मागे खेचली गेली.

“अगं आई गं! मला स्वर्गात नेताहेत की काय?”

वेन्सी तेव्हा एकोणीस वर्षांचा. ओठांना लाली, कानामागे जास्वंद. तो धावत घरी गेला आणि मला घेऊन आला. जाड तार टाळली, मेलेली तार बेचक्यात धरली, अलगद उचलली. “निघा खालून!” तो ओरडला. राण्या ताठ मानेने पुढे निघाल्या. बापाची विद्या अशी कामी आली, मित्रांनो. मला तर एवढा अभिमान वाटला की काय सांगू!

मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा पोन्सो पायरीवर उभे होते. त्यांनी वेन्सीची लाली बघितली, जास्वंद बघितली, माझ्याकडेही बघितलं. आजूबाजूचे लोक हसत होते, ते पोन्सोंच्या कानात गेलं असावं.

“असल्या सोंगात या दारात पाऊल ठेवायचं नाही,” ते म्हणाले. “येऊच नकोस.”

“हे सोंग नाही, तातय.”

“मग तर मुळीच येऊ नकोस. आणि ती आकडीही घेऊन जा.”

वेन्सीने मला खांद्यावर टाकलं. त्या रात्रीपासून मी पार्लरच्या छताला आडवी टांगलेली. पेरू संपले. वर्षभर तिथल्या गप्पा ऐकायच्या आणि जूनच्या एका दुपारी बाहेर पडायचं, हेच माझं आयुष्य झालं.

पण काय दुपार असायची ती! वेन्सी दर वर्षी सगळ्यांच्या पुढे मला घेऊन चाले. कुठली तार उचलायची, कुठल्या तारेपासून चार हात दूर राहायचं, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मी वर, खिडक्यांच्या उंचीला. मिरवणूक बघणारे लोक खाली राण्यांकडे बघतात. मी बघायची त्यांना, जे वरून लपून बघतात. एक बाई इस्त्री करता करता थबके आणि दर साली एक सदरा जाळून घेई. एक जाडा गृहस्थ भाताची थाळी घेऊन खिडकीत बसे. मठाच्या जाळीमागे एक म्हातारी नन रुमाल हलवी, आणि मागून कुणी आलं की त्याच रुमालाने नाक पुसायचं सोंग करी. मला प्रश्न पडे, ही सगळी माणसं खाली का येत नाहीत? चार पायऱ्या तर उतरायच्या!

आणि मग यायचं पोन्सोंचं घर.

त्या घरापुढे एक मेलेली तार होती. समोरच्या खांबापासून निघून पोन्सोंच्या माडीच्या खिडकीखाली, भिंतीतल्या खुंटीला बांधलेली. अख्ख्या रस्त्यात तिच्याइतकी खाली लोंबणारी दुसरी तार नव्हती. ती उचलल्याशिवाय एकही मुकुट पलीकडे जायचा नाही. त्यामुळे मिरवणूक तिथे थांबायचीच.

“कमाल आहे,” पिलांगताई कुजबुजली, “बाप वायरमन, आणि त्याच्याच दारात तार आडवी येते?”

“मुद्दाम ठेवलीय,” वेन्सी दात आवळून म्हणाला. “आपल्याला वाकायला लावायचंय म्हाताऱ्याला. त्याच्या दारातून मान खाली घालून जायचं.”

“मग कापून टाक की!”

“दुसऱ्याची तार कापत नाहीत.” मग मागे वळून तो राण्यांना ओरडला, “इथे कुणी वाकायचं नाही! शेवटचा मुकुट जाईपर्यंत मी तार धरतो!”

तेव्हापासून तो नेमच झाला. त्या दारात कुणी वाकायचं नाही. राण्या तिथे हनुवटी आणखी वर करून चालायच्या.

पण माझं डोकं कुठे होतं, आठवा. खिडकीखाली पत्र्याचं छप्पर होतं, त्यामुळे रस्त्यावरून खिडकीचा खालचा भाग दिसतच नसे. मला दिसायचा. वेन्सीने घर सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी पडदा दोन बोटं सरकलेला. दुसऱ्या वर्षी पडद्यामागे खुर्ची. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या फळीवर कॉफीचा कप, वाफ निघणारा. पुढे चष्मा आला, मग पांढरे केस. दर वर्षी तेच. पोन्सो खुर्चीत बसून खाली बघायचे. राण्यांकडे नाही. ज्या हातांनी मला धरलं होतं, त्या हातांकडे.

मला आपलं वाटे, रागाने बघत असतील. पण एके नोव्हेंबरात मोठं वादळ झालं आणि ती तार तुटून पडली. पुढच्या जूनला वेन्सी खूश. “यंदा सुटलो!” आणि बघतो तर काय, तार जागच्या जागी, उलट वीतभर आणखी खाली!

“बघ, बघ म्हाताऱ्याचा खुनशीपणा!” तो म्हणाला.

मी वर गेले. खुंटीला नवी गाठ होती. सात वेढे, टोक आत दाबलेलं. वयाच्या सत्तरीला शिडी लावून चढून, न वापरायची तार पुन्हा बांधायची, तीही खाली? मित्रांनो, मी वर्षभर छताला टांगून त्याच कोड्यावर विचार केला. राण्यांना वाकवायचं म्हणावं, तर दर साली त्या ताठ जातात हे पोन्सोंना दिसतंच होतं. मग कशाला? आणि एका सकाळी लख्ख उजेड पडला. तार खाली असली की मिरवणूक थांबते. मिरवणूक थांबली की वेन्सी थांबतो. शेवटचा मुकुट जाईपर्यंत, त्या खिडकीखाली, हात वर करून. पहिल्यांदा दोन मिनिटं, पुढे मिरवणूक वाढली तसं अर्धा तास!

मला कळलं, पण सांगू कुणाला? बांबूला तोंड नसतं. वेन्सी खालून कुढत राही, पोन्सो वरून बघत राहत, आणि दोघांच्या मधे मी. माझा जीव नुसता तुटायचा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा तांब्याचा वेढा झिजून गेला होता. वेन्सीने बेचक्याला पार्लरमधली गुलाबी फीत करकचून बांधली होती. पण फीत ती फीत. पोन्सोंच्या दारात तार पुन्हा पुन्हा निसटायला लागली. तेवढ्यात पडदा बाजूला झाला. दोन सुरकुतलेले हात बाहेर आले आणि त्यांनी मला मानेशी धरलं! एका हातात पकड. फीत सोडली. तांब्याची तार गुंडाळायला सुरुवात केली. एकही वेढा चुकला नाही.

खाली वेन्सी खेचतोय. “अडकली वाटतं कशात!”

“हळू ओढ रे, घर पडेल म्हाताऱ्याचं,” पिलांगताई म्हणाली.

सातवा वेढा झाला, टोक आत गेलं, हातांनी मला सोडलं. जाताना एका बोटाने माझ्या बेचक्यावरून हळूच फिरून बघितलं, काही टोचत तर नाही ना. मित्रांनो, मी लाकूडजात, पण त्या बोटाने मी विरघळले.

संध्याकाळी पार्लरमध्ये शेवयांचं ताट मधे ठेवून सगळ्या हसत खिदळत होत्या. वेन्सी मला टांगायला उठला आणि थबकला. अंगठ्याने वेढे मोजले. पुन्हा मोजले. टोक शोधलं, सापडलं नाही. तो खाली बसला.

“काय रे, भूत दिसलं?” पिलांगताईने विचारलं.

“ताई, ही तार मी नाही गुंडाळली.”

पिलांगताईने वेढे बघितले, त्याच्याकडे बघितलं, आणि हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, “जा ना मग.”

“जाऊन काय बोलू? येऊ नको म्हणालेत. वीस वर्षं झाली.” आणि तो लहान पोरासारखा रडला. तरी गेला नाही. दोघंही एकाच मुशीतले, दुसरं काय!

वर्षभर रोज सकाळी पार्लर उघडताना तो माझ्या बेचक्यावरून अंगठा फिरवायचा. पुढच्या जूनला जाईन, म्हणायचा. तारेखाली उभा राहिलो की हाक मारेन.

आणि नेमक्या मे महिन्यात पालिकेने शहरातल्या सगळ्या मेलेल्या तारा काढायला घेतल्या. गाड्या आल्या, माणसं आली, भेंडोळीच्या भेंडोळी भरून नेली. आमच्या रस्त्यावर आभाळ दिसायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र घाबरले. माझं काम गेलं, ते एक असो. पण आता मिरवणूक त्या दारात थांबणार कशी?

मिरवणुकीच्या दिवशी वेन्सीने मला खाली काढलं.

“अरे वेड्या, यंदा ही कशाला?” पिलांगताई मुकुट सावरत म्हणाली. “वर आहे काय? ढग उचलणारेस?”

“असू दे.”

यंदा नियमही कडक होते. गर्दी फार म्हणून शिट्टीवाले स्वयंसेवक दर शंभर पावलांवर. “चला, चला, थांबू नका!” बिनतारांच्या रस्त्यावर मुकुट सुसाट निघाले. वेन्सीच्या हाताला घाम सुटला होता, मला तो जाणवत होता. इस्त्रीवाली गेली, मठ गेला. पोन्सोंचं घर आलं. खुंटी रिकामी.

वेन्सी थांबला. त्याने मला उभं केलं आणि खिडकीपाशी नेलं, वर काही नसताना.

मागे धक्काबुक्की झाली. शिट्टी वाजली. “काय झालं? का थांबलात? तार आहे का?”

“आहे!” वेन्सी ओरडला.

सगळी मिरवणूक थांबली. ढोलही थांबले. माझं डोकं खिडकीशी पोचलं. पडदा पूर्ण उघडा होता. खुर्ची होती. फळीवर कप होता. वाफ नव्हती. खुर्चीत कुणी नव्हतं.

मित्रांनो, खुर्ची रिकामी! एक वर्ष! एकच वर्ष उशीर केला या पोराने! खाली तो वर तोंड करून उभा. “तातय,” तो एकदाचा म्हणाला. मग मोठ्याने, “तातय!”

“वर काय बघतोस?” आवाज आला. “मी खाली आहे.”

पोन्सो दाराच्या पायरीवर उभे होते. धुवट सदरा, एका हाताने चौकट धरलेली. मागच्या खिशातून पकड डोकावत होती आणि तिच्या मुठीला माझी गुलाबी फीत गुंडाळलेली.

वेन्सीने मला खाली घेतलं.

“तार काढून नेली त्यांनी,” पोन्सो म्हणाले, जणू त्यांचीच चूक होती.

“बघितलं.”

“मग थांबलास कशाला?”

“तुम्ही ती खाली का बांधायचात?”

पोन्सोंनी आपल्या चपलांकडे बघितलं. “वर बांधली असती तर तू सरळ निघून गेला असतास. एकदा येऊ नको म्हणून बसलो. मग ये म्हणायला तोंड होईना. यंदा तार नाही म्हटल्यावर सकाळी आठपासून इथे उभा आहे. म्हटलं, निदान आडवं तरी येता येईल.”

वेन्सीला हात मोकळे हवे होते. त्याने मला छपराला टेकवून ठेवलं, आणि इथेच माझ्या नशिबाने दगा दिला. माझं डोकं गेलं थेट खिडकीच्या आत! वीस वर्षं ज्या खोलीत डोकावायला मी धडपडले, ती अख्खी माझ्यासमोर. टेबल, कॅलेंडर, तांब्याच्या तारेचं रीळ. आणि जे बघण्यासारखं होतं ते सगळं खाली, माझ्या पाठीमागे! जन्मात पहिल्यांदा मला खाली बघावंसं वाटलं आणि बघता येईना.

म्हणून पुढचं मी फक्त ऐकलं. आमच्याकडे मोठ्यांचा हात धरून, वाकून आपल्या कपाळाला लावतात. तसं करताना गुडघा पायरीला लागल्याचा आवाज आला. ज्या दारात वीस वर्षं कुणी वाकलं नव्हतं, तिथे वेन्सी वाकला होता.

“ऊठ, ऊठ,” पोन्सो म्हणाले. “लाली लागतेय माझ्या हाताला.” पण हात काढून घेतला असावा असं वाटत नाही, कारण बराच वेळ कुणी उठलं नाही.

मग पिलांगताईचा आवाज. “बाजूला हो रे. मलाही आशीर्वाद हवा. तुमचा मुलगा मी सांभाळलाय, पोन्सोकाका!” आणि लगेच धाडकन काहीतरी पडलं. तिचा मुकुट. मग दुसरी आली, मग तिसरी. शिट्टीवाले शिट्ट्या वाजवून दमले. एकेक राणी वाकत होती, एकेक मुकुट पडत होता, आणि पोन्सो प्रत्येकीला म्हणत होते, “सावकाश, बाई, सावकाश.”

आता मी पुन्हा पोन्सोंच्या परसात असते. रविवारी वेन्सी येतो, पेरू काढतो. पोन्सो खालून ओरडतात, तो नको, कच्चा आहे. जूनच्या शेवटच्या शनिवारी पायरीवर दोन खुर्च्या मांडतात. मिरवणूक अजूनही तिथे थांबते. नवी माणसं विचारतात, इथे काय आहे? जुनी सांगतात, इथे तार आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या आकडीला पावसात टाकू नका, छपराखाली आडवी टांगा, बेचक्याचा वेढा वर्षातून एकदा बघा. आणि बांधाल ते टोक आत दाबून बांधा. एवढं केलंत तर मी आणखी वीस वर्षं टिकेन. पण माणसं बांबूइतकी टिकत नाहीत, हे त्या रिकाम्या खुर्चीपाशी मला कळलं. तुमच्या ओळखीच्या एखाद्या खिडकीत कुणी पडद्याआड बसत असेल, तर तार लोंबायची वाट बघू नका. खाली थांबा आणि हाक मारा.